माऊस हाताशी जुळवून घ्या: मनगट दुखू नये म्हणून नव्या ऑपरेटरसाठी

मनगट दुखायला लागलं की बहुतेक जण आधी माऊस बदलतात. एम.जी. रोडवर जाऊन महागातला, उभट आकाराचा माऊस आणतात. चार दिवस बरं वाटतं आणि दुखणं पुन्हा सुरू होतं, कारण टेबल तेच, खुर्ची तीच आणि माऊस ठेवायची जागाही तीच. ऑफिसांचे संगणक बसवून द्यायच्या कामामुळे मी नाशिकभर हिंडतो, आणि हे चित्र जागोजागी दिसतं. म्हणून सांगतो, पैसे सगळ्यात शेवटी खर्च करा. आधी बसणं, मग माऊसची जागा, मग पकड, मग सेटिंग, मग क्लिक कमी करणं, आणि त्यानंतर खरेदी. हा क्रम सांभाळा. खुर्ची खाली असताना पॉइंटरचा वेग ठरवलात, तर खुर्ची वर केल्यावर हात मोकळा होतो आणि आधी ठरवलेला वेग नकोसा वाटायला लागतो. मग सगळं पुन्हा करावं लागतं.

अंबड-सातपूरच्या कारखान्यात स्टोअर्सला किंवा अकाउंट्सला नुकतेच लागलेले, शरणपूर रोडला सीएकडे आर्टिकलशिप करणारे, सेवा केंद्रावरचे ऑपरेटर आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये ग्रेपनेटच्या, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीच्या, नोंदी करणारे, अशांसाठी हे लिहितो आहे. यांचं काम रोज सारखं नसतं, ते अंगावर येतं. जीएसटीची रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखेआधी दोन दिवस हात माऊसवरून उठत नाही, आणि मनगट तेव्हाच धरतं. तयारी त्याच्या आधी झालेली हवी.

दुखतं नेमकं कुठे

तळहाताच्या बाजूने मनगटात एक अरुंद बोगदा असतो. खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून एक जाड, सहज न ताणला जाणारा पट्टा. त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा आणि एक मोठा मज्जातंतू जातो. कसारा घाटातल्या बोगद्याला जशी रुंद व्हायची सोय नाही, तशी यालाही नाही. मनगट वर किंवा खाली वाकवलं की आतला दाब वाढतो, सरळ ठेवलं की कमी होतो. आत सूज आली तर मज्जातंतू दाबला जातो. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात. करंगळी सुटते, कारण तिच्याकडे जाणारा मज्जातंतू वेगळ्या वाटेने जातो. या दुखण्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

हात दुखला की लगेच हेच झालं असं मात्र समजू नका. ऑफिसात मला जास्त ऐकू येतं ते दुखणं हाताच्या वरच्या बाजूचं असतं, कोपराच्या थोडं खाली. बोटं उचलून धरणारे स्नायू तिथे असतात. क्लिक करताना बोट जेवढं थकत नाही, तेवढं ते पुढच्या क्लिकची वाट बघत बटणाच्या वर अधांतरी धरून थकतं. तिसरा प्रकार अंगठ्याच्या बुडाशी चमक निघण्याचा. माऊस चिमटीत धरणाऱ्यांना आणि घरी गेल्यावर त्याच अंगठ्याने मोबाइल सरकवणाऱ्यांना हा त्रास होतो. आणि कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसणाऱ्यांची करंगळी बधिर होते.

आज दोन मिनिटं काढून एका कागदावर लिहून ठेवा: कुठे दुखतं, कोणत्या बोटात मुंग्या येतात, दिवसा की रात्री. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर हा कागद फार उपयोगी पडतो.

पहिली पायरी: खुर्ची आणि कोपर

बाजारात मिळणारं ऑफिसचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं. पाच फूट उंचीची मुलगी आणि पावणेसहा फुटी माणूस दोघेही त्याच टेबलाला बसतात. मुलीचं कोपर टेबलाच्या पातळीखाली राहतं. मग ती नकळत खांदा उचलते, हात टेबलावर चढवते आणि मनगट कडेवर मोडून मागे वाकतं. संध्याकाळी ती म्हणते मनगट दुखतंय, आणि मानही आखडलीय. दोन्हींचं मूळ एकच.

खुर्चीत पाठ टेकून बसा, हात बाजूला सैल सोडा आणि कोपर काटकोनात वाकवा. हाताची खालची बाजू टेबलाच्या पातळीत किंवा किंचित वर आली पाहिजे. खाली राहिली तर खुर्ची वर घ्या. प्लास्टिकची खुर्ची असेल तर घडी घातलेली सतरंजी किंवा घट्ट उशी घ्या. आता पाय लटकायला लागतील, तर खाली पाट ठेवा. ऑफिसात पाट नसतो, पण झेरॉक्सच्या कागदाची रिमं येतात तो खोका असतोच. तो भरलेला असेल तर चांगला आधार होतो, रिकामा मात्र दबतो.

जुन्या कॉम्प्युटर टेबलांचा एक दोष वेगळा सांगायला हवा. त्यांना खाली सरकता ट्रे असतो, त्यात फक्त कीबोर्ड मावतो, आणि माऊस जातो वरच्या फळीवर. म्हणजे एक हात खाली, दुसरा वीतभर वर आणि पुढे ताणलेला. दिवसभर असं बसण्याने खांदा आणि मनगट दोन्ही जातात. अशा टेबलावर ट्रे आत ढकलून द्या, कीबोर्ड आणि माऊस दोन्ही वर ठेवा आणि खुर्ची त्या हिशेबाने उंच करा. ट्रे पुरेसा रुंद असेल तर उलट करा, दोन्ही ट्रेमध्ये घ्या. कोणत्याही परिस्थितीत कीबोर्ड आणि माऊस एकाच पातळीवर हवेत. या एका गोष्टीबाबत मी तडजोड सांगत नाही.

खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असतील आणि त्यामुळे लांब बसावं लागत असेल, तर ते खाली करा किंवा काढून टाका. सहसा चार स्क्रू असतात.

लॅपटॉपवर पूर्ण दिवस काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, आणि लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीच्या जवळ आणा.

दुसरी पायरी: माऊसची जागा

एका सेवा केंद्राचं टेबल डोळ्यांसमोर आणा. पुढे काउंटर, उजवीकडे प्रिंटर, त्याला चिकटून अंगठ्याचं यंत्र, त्याच्यापुढे लोकांनी ठेवलेल्या रेशनकार्डांच्या आणि आधारच्या झेरॉक्स, आणि उरलेल्या टीचभर जागेत माऊस. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते तेव्हा ती टीचभर जागाही कागदांनी जाते. ऑपरेटर हात पुढे लांबवून, मनगट बाहेरच्या बाजूला वळवून क्लिक करत राहतो. तिथे कोणताही माऊस आणला तरी दुखणारच. मी आधी प्रिंटर हलवायला सांगतो. छापलेला कागद घ्यायला दिवसातून कितीही वेळा उठावं लागलं तरी चालेल, उठण्याने फायदाच आहे. माऊसची जागा मात्र मोकळी पाहिजे, निदान एका वहीएवढी.

माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. कोपर कुशीजवळ राहिलं आणि हात सरळ पुढे गेला तर जागा बरोबर. माऊसपर्यंत पोचायला कोपर अंगापासून दूर जात असेल तर तो लांब आहे.

अडचण येते ती उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीमुळे, जिला नमपॅड म्हणतात. टॅली करणाऱ्यांना ती हवीच. पण ती मध्ये आल्यामुळे माऊस जवळजवळ वीतभर उजवीकडे सरकतो आणि हात दिवसभर बाहेर फाकलेला राहतो. ज्यांना नमपॅड लागत नाही त्यांनी बिननमपॅडचा छोटा कीबोर्ड घ्यावा, प्रश्न मिटतो. ज्यांना लागतो त्यांना मी आग्रहाने सुचवतो की माऊस डाव्या हाताला घ्या. कीबोर्डच्या डाव्या अंगाला नमपॅड नसतो, त्यामुळे माऊस आपोआप जवळ येतो. उजवा हात आकडे टाकतो, डावा माऊस चालवतो, आणि दोन्ही हातांवर काम वाटलं जातं.

सुरुवातीला हात ऐकत नाही. म्हणून एंट्रीच्या कामाने सुरू करू नका. पहिले काही दिवस फक्त वाचताना पान सरकवायला आणि मेल उघडायला डावा हात वापरा. हात स्थिरावला की एक्सेलकडे वळा. माऊस दोन्ही बाजूंनी सारखा हवा, उजव्या हातासाठी वळण दिलेला डाव्या हातात बसत नाही. बटणं उलटी कशी करायची ते पुढे येतंच.

वायरचा माऊस असेल तर वायर टेबलामागे अडकलेली नाही ना ते बघा. ताणलेली वायर प्रत्येक हालचालीला माऊस मागे ओढते आणि तुम्ही तो जास्त घट्ट धरता. थोडी सैल वळी टेबलावर ठेवा. काचेच्या टेबलावर पॉइंटर थरथरतो, तिथे कापडी पॅड घ्या. आणि माऊस उलटा करून खालचं छिद्र बघा: एखादा केस किंवा धुळीचा गोळा अडकला असेल तर पॉइंटर उड्या मारतो. सुक्या कापसाने पुसला की काम झालं.

तिसरी पायरी: पकड

माऊसवर हात ठेवायचा, तो आवळायचा नाही. तळहात अलगद टेकलेला, बोटं बटणांवर पडलेली, अंगठा बाजूला सैल. वाचताना, फोनवर बोलताना, साइट उघडायची वाट बघताना हात माऊसवरून पूर्ण काढा आणि मांडीवर ठेवा. सर्व्हर डाऊन असताना माऊस धरून बसलेली माणसं मी रोज बघतो. त्या पाच मिनिटांत एकही क्लिक होत नाही, पण स्नायू ताणलेलेच राहतात.

माऊस हलवायचा तो कोपरापासून, अख्ख्या हाताने. मनगट टेबलावर रोवून पंजा डावी-उजवीकडे हलवत राहिलात, तर सगळा भार त्या अरुंद बोगद्यावर पडतो. मनगटाखालच्या जेलच्या गादीबद्दल खूप जण विचारतात. काम थांबलेलं असताना तळहाताची टाच तिच्यावर टेकवायला हरकत नाही. माऊस फिरवताना मात्र मनगट तिच्यावर दाबून ठेवू नका, बोगद्याच्या नेमक्या तोंडावर दाब येतो.

चौथी पायरी: सेटिंग

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात माऊस. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, माऊस. दोन्हींत चालणारी जुनी वाट अशी: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत मेन डॉट सीपीएल (main.cpl) हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि एंटर मारा. माऊसची जुनी खिडकी उघडते. मला तीच आवडते, सगळं एका जागी सापडतं.

आधी वेग. पॉइंटर ऑप्शन्स या टॅबमध्ये वेगाची सरकपट्टी आहे. तिच्याखाली एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन अशी खूण असते. ती चालू असेल तर हात जोरात हलवल्यावर पॉइंटर जास्त लांब जातो आणि हळू हलवल्यावर कमी. म्हणजे हात तेवढाच हलला तरी पॉइंटर दर वेळी वेगळ्या जागी पोचतो. नवशिक्याने ती बंद ठेवावी असं माझं मत. हाताला अंतराची सवय लवकर होते आणि नेम चुकत नाही. टेबलावर जागा फारच कमी असेल तेव्हा मात्र ती चालू ठेवणं सोयीचं पडतं.

वेग किती हवा हे मोजून ठरवता येतं. माऊसवर किंवा त्याच्या खोक्यावर डीपीआय असा आकडा असतो. ८०० डीपीआयचा माऊस, सरकपट्टी मधोमध आणि ती खूण बंद, असं असेल तर माऊस १ इंच सरकवल्यावर पॉइंटर ८०० ठिपके सरकतो. पडदा १९२० ठिपके रुंद असेल तर या टोकापासून त्या टोकाला जायला २.४ इंच लागतात. १६०० डीपीआयला तेच अंतर १.२ इंच होतं.

हिशेब नको असेल तर हाताने तपासा. पॉइंटर पडद्याच्या डाव्या टोकाला न्या आणि एका सहज हालचालीत उजव्या टोकाला आणा. मध्येच माऊस उचलून पुन्हा ठेवावा लागला तर वेग कमी आहे. मग खिडकी बंद करायच्या फुलीवर नेम धरा. पॉइंटर फुलीच्या पुढे जाऊन परत आणावा लागत असेल तर वेग जास्त आहे. फार हळू वेगात हात लांब लांब ताणावा लागतो. फार जास्त वेगात नेम धरायला बोटं आणि मनगट आखडून ठेवावी लागतात, आणि हा त्रास लवकर लक्षात येत नाही. सरकपट्टी एका वेळी एकच घर हलवा आणि दिवसभर काम करून मग ठरवा. एकाच दिवसात पाच वेळा बदललंत तर काहीच कळणार नाही.

काही माऊसना चाकाच्या मागे एक छोटं बटण असतं. त्याने डीपीआय बदलतो. चुकून बोट लागलं की माऊस एकदम पळायला लागतो आणि लोक मला फोन करतात. तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून मूळ वेग परत आणता येतो.

आता बटन्स हा टॅब. यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती क्लिकलॉकची खूण. एक्सेलमध्ये पाचशे ओळी निवडायच्या तर बटण दाबून धरून माऊस खाली खाली ओढत न्यावा लागतो, आणि बोटापासून कोपरापर्यंत सगळं ताणलेलं राहतं. क्लिकलॉक चालू केलं की बटण क्षणभर दाबून सोडायचं, मग मोकळ्या हाताने माऊस हलवायचा, आणि शेवटी पुन्हा एक क्लिक. किती वेळ दाबायचं ते शेजारच्या सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. मनगट दुखत असताना याने मोठा आराम पडतो, तरी फार थोड्या ऑफिसांत हे चालू केलेलं दिसतं.

डबल क्लिकचा वेगही याच टॅबमध्ये आहे. शेजारी एक फोल्डर असतो, त्यावर दोनदा क्लिक करून बघा. उघडला नाही तर पट्टी स्लोकडे न्या. नव्या माणसाला डबल क्लिक जमत नाही तेव्हा तो बटण जोरजोरात आपटतो, आणि तर्जनी दुखायला लागते. त्याऐवजी एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी फाइल उघडते. डाव्या हाताने माऊस चालवणाऱ्यांनी बटणांची अदलाबदल इथेच करावी. विंडोज ११ मध्ये प्रायमरी माऊस बटण राइट असं निवडलं की डाव्या हाताची तर्जनी मुख्य बटणावर येते.

पॉइंटर ऑप्शन्समध्येच खाली, कंट्रोल दाबल्यावर पॉइंटर कुठे आहे ते दाखवणारी खूण आहे. ती लावा, पॉइंटर शोधायला माऊस गरागरा फिरवावा लागत नाही. डायलॉग आला की पॉइंटर आपोआप बटणावर नेणारं स्नॅप टू तिथेच आहे, पण ते मी नव्या माणसाला सुचवत नाही. फाइल पुसायची का, असं विचारणाऱ्या चौकटीतही पॉइंटर जाऊन बसतो, आणि घाईत क्लिक होतं. व्हील टॅबमध्ये चाक एक घर फिरवल्यावर ३ ओळी सरकतात असं आधीपासून असतं. लांब याद्या बघायच्या असतील तर ५ किंवा ६ करा.

ही सेटिंग्ज विंडोजच्या लॉगिनपुरती असतात. एकाच संगणकावर दोन पाळ्यांत दोघे बसत असतील तर दोघांचं लॉगिन वेगळं ठेवा. नाहीतर रोज सकाळी आदल्या माणसाच्या हाताने काम करावं लागतं.

पाचवी पायरी: माऊसकडे हात कमी जाऊ द्या

टॅली मुळात कीबोर्डवर चालवायचं सॉफ्टवेअर आहे, आणि तरी नवी मुलं त्यात माऊस फिरवत बसतात. एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ सेल्स, एफ ९ पर्चेस. व्हाउचर सेव्ह करायला कंट्रोल आणि ए. तारीख बदलायला एफ २, कालावधी बदलायला अल्ट आणि एफ २. टॅलीप्राइममध्ये कुठूनही कुठेही जायला अल्ट आणि जी. एवढं पाठ झालं की टॅलीत माऊसची गरज क्वचितच पडते.

एक्सेलमध्ये यादीच्या तळाला जायला कंट्रोल आणि खालचा बाण. शिफ्ट जोडला की तेवढा सगळा भाग निवडला जातो. पेशीत दुरुस्ती करायला एफ २, वरची नोंद खाली उतरवायला कंट्रोल आणि डी, फिल्टर लावायला कंट्रोल, शिफ्ट आणि एल. ऑनलाइन फॉर्म भरताना प्रत्येक रकान्यात क्लिक न करता टॅब दाबत पुढे जा, मागे यायला शिफ्ट आणि टॅब. ब्राउझरमध्ये स्पेसबार दाबला की पान खाली सरकतं. एका खिडकीतून दुसरीत जायला अल्ट आणि टॅब.

सगळं एकदम पाठ करायला जाऊ नका. जे काम तुम्ही दिवसातून सगळ्यात जास्त वेळा माऊसने करता, त्याचीच एक कळ आधी शिका आणि ती मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहून लावा. ती अंगवळणी पडली की चिठ्ठी बदला.

अर्ध्या तासाने एकदा उठा, पाणी प्या. हात सैल सोडून झटका, मूठ अलगद मिटा आणि बोटं पूर्ण उघडा, असं पाच-सहा वेळा. तळवे छातीसमोर नमस्कारासारखे जुळवून हळूहळू खाली आणा, हलका ताण जाणवला की पंधरा-वीस सेकंद थांबा. बोटांत मुंग्या येत असतील तर हा दुसरा व्यायाम करू नका. मनगट तेवढं वाकवलं की आतला दाब वाढतो.

ऑफिस सुटल्यावर

मनगटाला संध्याकाळी सुटी मिळत नाही. अंबडहून पंचवटीला किंवा सातपूरहून नाशिक रोडला दुचाकीवर जाताना उजवं मनगट ॲक्सिलरेटर पिळून धरतं आणि खड्ड्यांचे हादरे त्याच मनगटात जातात. पकड सैल ठेवा, मनगट हँडलच्या रेषेत सरळ राहू द्या, सिग्नलला हात सोडून बोटं उघडा. घरी गेल्यावर कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं, कपडे पिळणं यात तोच हात पुन्हा राबतो. दिवसभर ऑफिसात बसलेल्या बाईचा हात रात्री नऊपर्यंत थांबत नाही. घरातल्या इतरांनी निदान कणीक तिंबायचं आणि कपडे पिळायचं काम दुखणं असेपर्यंत अंगावर घ्यावं, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरतो तेव्हा शहरातही सकाळी बोटं आखडलेली असतात. गार हाताने थेट एंट्रीला बसू नका. कोमट पाण्यात हात धुवून घ्या आणि पहिली दहा मिनिटं हलकं काम काढा.

नवा माऊस घ्यायचाच असेल तर

वरचं सगळं करून महिना झाला आणि तरी माऊस हातात बसत नाही असं वाटलं, तर खरेदीला निघा. दुकानाचा काउंटर टेबलापेक्षा उंच असतो, त्यामुळे उभ्याने हात ठेवून बघितलेला माऊस घरी वेगळा लागतो. दुकानदाराला स्टूल मागा, बसून बघा. तळहात टेकतो का, बोटं आखडत नाहीत ना, बटण हलक्या दाबाने दबतं का, एवढं पुरे. प्रवासी छोटे माऊस पूर्ण दिवसाच्या कामाला घेऊ नका, बोटं नख्यांसारखी वळून राहतात. उभट माऊसमध्ये हात हस्तांदोलनासारखा उभा राहतो आणि कोपराखालचा पीळ कमी होतो. काहींना त्याने खरंच बरं वाटतं, पण मनगटातल्या बोगद्याच्या दुखण्यावर तो औषध नाही. परत घेण्याची बोली करूनच घ्या.

डॉक्टरकडे कधी जायचं

रात्री मुंग्यांनी किंवा बधिरपणाने जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. कप किंवा किल्ली हातातून निसटते. शर्टाचं बटण लावताना अंगठा साथ देत नाही. अंगठ्याच्या बुडाचा फुगीर भाग दुसऱ्या हाताच्या मानाने सपाट दिसतो. यातलं काहीही असेल तर माऊसच्या सेटिंगवर वेळ घालवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मज्जातंतू फार काळ दाबलेला राहिला तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. मनगट सुजून गरम लागत असेल, किंवा पडल्यानंतर दुखत असेल, तर त्याच दिवशी जा. साधं दुखणं दोन आठवड्यांत उतारावर आलं नाही तरीही जा. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जा, बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येतं.

कार्पल टनेलला नुसता माऊस कारणीभूत नसतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपण यांत तो जास्त दिसतो. त्यामुळे डॉक्टरांनी साखर किंवा थायरॉइड तपासायला सांगितलं तर ते टाळू नका. दुखणं मानेतूनही हातात उतरू शकतं, ते तपासल्याशिवाय कळत नाही. गरज वाटल्यास मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो याची चाचणी करतात, तिला नर्व्ह कंडक्शन म्हणतात. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट बांधून अनेकांना आराम पडतो. तोच पट्टा दिवसभर आवळून काम करणं मात्र बरोबर नाही, हात पट्ट्याशी झगडत राहतो. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेत राहणं पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतं. बधिर झालेलं मनगट कुणाकडून जोर लावून चोळून घेऊ नका.

जाताना सुरुवातीला लिहिलेला कागद बरोबर घ्या. कोणती बोटं, कोणती वेळ, काय केल्यावर वाढतं आणि काय केल्यावर कमी होतं, हे त्यात असू द्या. टेबलाला बसलेल्या अवस्थेतला बाजूने काढलेला एक फोटोही मोबाइलमध्ये ठेवा. फिजिओथेरपिस्टला तो दाखवला की कोपर आणि मनगट कुठे चुकतंय ते त्यांना लगेच दिसतं.